काडाचा हिशेब

(तालुक्यातील महिला गटांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणानंतरचं सत्र आहे, त्यामुळे ज्यांना भिंतीला टेकून बसायचंय त्यांनी खुशाल टेका. संयोजक ताईंनी मला सांगितलं, "घरच्या घरी अळिंबी कशी करायची ते सांग. प्रत्येक गटातल्या बायका विचारतात." मी हो म्हटलं. पण सुरुवातीलाच सांगून टाकते की मी शेतकी पदवीधर नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली काही वर्षं मावळातल्या भातपट्ट्यात बायकांच्या गटांबरोबर काम करते. अळिंबी मी अकराजणींच्या एका गटाबरोबर शिकले, आणि आमचं बरंचसं शिक्षण नुकसान सोसून झालं.

दुसरं असं की तासाभरात मी सगळी अळिंबी सांगू शकणार नाही. मी फक्त काडाबद्दल बोलणार आहे. बियाणं पेरल्यावर अळिंबी बरीचशी आपली आपण वाढते. खरं काम आणि खरा धोका असतो तो त्याआधी, काड तयार करताना. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत या भागाला चार शब्द मिळतात: भिजवा, निर्जंतुक करा, निथळा, भरा. या चार शब्दांमागे किती पाणी, किती सरपण, किती तास आणि कुणाचे हात आहेत, ते पुस्तिकेत नसतं. आज आपण तेच मोजू.

पहिल्या वर्षी काय झालं

पहिल्या वर्षी आम्ही धिंगरी अळिंबीच्या चाळीस पिशव्या भरल्या. एका प्रशिक्षणात शिकून आलो होतो, बियाणं आणलं होतं, गटाच्या बचतीतले पैसे घातले होते. नवव्या दिवशी बघतो तर पांढऱ्या धाग्यांच्या जागी हिरवीगार बुरशी. चाळिसातल्या एकतीस पिशव्या गावाबाहेर खड्ड्यात पुरल्या. ज्यांनी शिकवलं होतं त्यांना विचारलं. उत्तर आलं, "बायकांनी स्वच्छता पाळली नसेल."

हे वाक्य आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. मूल आजारी पडलं, आईने स्वच्छता पाळली नाही. लोणचं नासलं, सुनेने हात धुतले नाहीत. आम्ही ते तसंच मान्य करायचं नाही असं ठरवलं. सगळ्याजणी एका ओट्यावर बसलो. प्रत्येकीने आपण काय काय केलं ते क्रमाने सांगायचं आणि कुणी कुणाला बोल लावायचा नाही, असा नियम केला.

तासाभरात दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली म्हणजे आमचं काड अवकाळी पावसात उडवीतच भिजलेलं होतं. घरोघरी कोरडं काड म्हशीसाठी राखलं गेलं आणि भिजलेलं बायकांच्या धंद्याला मिळालं. दुसरी गोष्ट एका वहिनीने फार संकोचाने सांगितली. काड तासभर गरम पाण्यात ठेवायचं होतं, तिने पाव तास ठेवलं. "सासूबाई सरपण मोजतात. एवढी लाकडं जाळली असती तर संध्याकाळच्या चुलीचं काय सांगितलं असतं?" ती बोलल्यावर आणखी चौघीजणी म्हणाल्या, आमचंही तेच झालं.

म्हणजे हात सगळ्यांचे धुतलेले होते. काड कुणाचं आणि सरपण कुणाचं, हा प्रश्न न विचारता आम्ही धंद्याला लागलो होतो. आणि त्यांच्यात बसून माझ्यासारखी शिकलेली बाई प्रकल्प अहवालात लिहीत होती: "कच्चा माल स्थानिक, विनामूल्य." ती माझी चूक होती आणि ती मी गटासमोर कबूल केली.

काड कोणतं आणि कुणाचं

आता काडाकडे येऊ. धिंगरीला माती लागत नाही, खत लागत नाही. काडातला जो कडक, चिवट भाग गुरांनाही नीट पचत नाही, तो ही अळिंबी फोडते आणि त्यावर वाढते. म्हणून भाताचा पेंढा, गव्हाचं काड, सोयाबीनचं कुटार, उसाचं पाचट, ज्वारी-मक्याची ताटं, कपाशीच्या पऱ्हाट्या, यातलं जे तुमच्या भागात असेल ते चालतं. हॉटेलात मिळते ती पांढरी बटण अळिंबी वेगळी. तिला काही आठवडे कुजवून केलेलं खत लागतं आणि पीक येताना १५ ते १८ अंशांची थंडी लागते. ते घरात जमण्यासारखं नाही. धिंगरीला साधारण २० ते ३० अंश पुरतात, म्हणजे आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ चांगला.

काड त्याच हंगामातलं घ्या. रंग सोनेरी पिवळा हवा. मुठीत दाबलं की कडकडलं पाहिजे, वास गवताचा आला पाहिजे. कुबट वास, काळे-हिरवे डाग, पावसात भिजून पुन्हा वाळलेलं, वर्षाहून जुनं, यातलं काहीही घेऊ नका, फुकट मिळालं तरी. कापणीच्या आधी पिकावर काय फवारलं होतं तेही विचारून घ्या.

आता काड कुणाचं? लावणी कुणी केली? चिखलात वाकून आपण केली. बेणणी, कापणी, झोडणी यांतही आपण होतोच. पण झोडणी झाल्यावर पेंढ्याचे भारे मोजायला आणि विकायला घरातला पुरुष उभा राहतो, कारण सातबारा त्याच्या नावावर. हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली दिला. तो हक्क माहेरच्या जमिनीत. ज्या सासरच्या शेतात ती राबते, तिथल्या पेंढ्याच्या एका पेंढीवरही सुनेचं नाव नसतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही ठरवलं की काड मागायचं नाही, विकत घ्यायचं. स्वतःच्या घरातून घेतलं तरी बाजारभावाने घ्यायचं आणि वहीत लिहायचं. एका घरात नवरा म्हणाला, "आपलंच काड आपल्याला विकत?" आमच्या गटातल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "बरं, मग लावणीची माझी मजुरी वळती करा." काड मिळालं, कोरडं मिळालं आणि झोडणीच्या दिवशीच बाजूला काढून मिळालं. विकत घेतलेल्या मालाला नावं ठेवता येतात, तो परत करता येतो. फुकट मिळालेल्या मालाला गप्प बसावं लागतं.

भिजवणं

काडाचे बोटाच्या दोन पेरांएवढे, म्हणजे तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करायचे. कोयत्याने होतात, पण मनगट भरून येतं. गावात कुट्टी यंत्र असेल तर गटाने मिळून भाड्याने घ्या. यंत्रापाशी मात्र पदर खोचून, बांगड्या मागे सारून, मुलांना लांब ठेवून काम करा.

तुकडे पोत्यात सैलसर भरून रात्रभर, दहा-बारा तास साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे. वर दगड ठेवा, नाहीतर पोतं तरंगतं. भिजल्याने काडावरचा मेणासारखा थर सैल होतो, काड मऊ होतं, पाणी आतपर्यंत जातं. शिवाय काडावर झोपलेले बुरशीचे बीजकण ओलाव्याने जागे होतात, आणि जागे झालेले बीजकण उष्णतेने लवकर मरतात. म्हणून कोरडं काड थेट गरम पाण्यात टाकून काम होत नाही.

दहा किलो कोरड्या काडाला बुडवायला साधारण शंभर लिटर पाणी लागतं. नळ दारात असेल तर हा आकडा काहीच नाही. विहिरीवरून आणायचं तर मोठ्या हंड्याच्या सात-आठ खेपा. आमच्या गटात आता भिजवण्याचं काम ज्या घराजवळ पाणी आहे तिथे होतं आणि त्या घरच्या बाईला त्याचे वेगळे पैसे मिळतात. हे ठरवायला आम्हाला तीन बैठका लागल्या. पण ठरलं.

गरम पाणी आणि सरपण

काडाला ऊब आणि पाणी मिळालं की त्यावर कोण आधी वसतं याची शर्यत सुरू होते. हिरवी बुरशी आपल्या धिंगरीपेक्षा फार वेगाने धावते. म्हणून आधी ती मारायची आणि मग धिंगरीचं बियाणं टाकायचं.

भिजलेलं पोतं निथळून ७० ते ८० अंश तापलेल्या पाण्यात एक तास बुडवून ठेवायचं. तासभर म्हणजे पोतं टाकल्यावर पाणी पुन्हा तेवढं तापल्यापासून एक तास. हाताला पोळतंय म्हणजे झालं, असा अंदाज धरू नका. पन्नास-पंचावन्न अंशांनाही हात पोळतो आणि त्यात बुरशी पूर्ण मरत नाही. गटाच्या पैशातून एक तापमापक घ्या. आमचं निम्मं नुकसान त्या एका वस्तूने थांबलं.

काहीजणी म्हणतात, मग खळखळून दोन तास उकळलं तर अजून चांगलं. तसंही करू नका. ७०-८० अंशांत वाईट बुरशी मरते, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू टिकतात आणि ते पुढे हिरव्या बुरशीला जागा देत नाहीत. फार शिजवलं की तेही जातात, काडाचा लगदा होतो आणि मग घरातल्या हवेतून आलेला पहिला बीजकण तिथे बिनधास्त वाढतो. आपली खोली ही प्रयोगशाळा नाही, तिथे हे राखणदार जिवंत राहिलेले बरे.

आता सरपणाचा हिशेब. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ८० अंशांवर न्यायचं, तीन दगडांच्या चुलीवर, जिथे लाकडाची बहुतेक उष्णता हवेत जाते. गणित मांडलं तर त्याला साधारण दहा किलो लाकूड लागतं. म्हणजे एक किलो काडाला एक किलो लाकूड. डोंगरातून डोक्यावर आणायची मोळी वीस-पंचवीस किलोची. दहा पिशव्यांच्या काडाला जवळपास अर्धी मोळी, म्हणजे अर्ध्या दिवसाची पायपीट. ती वहिनी पाव तासात पोतं का काढून घेत होती, हे या आकड्याने मला समजलं. तिने आळस केला नव्हता, तिने हिशेब केला होता. आमच्या अहवालात तो हिशेब नव्हता, एवढंच.

यावर आम्ही वाफेची पद्धत काढली. लोखंडी पिंपात तळाला विटा मांडायच्या, विटांच्या खाली राहील इतकं पाणी घालायचं, विटांवर जाळी आणि जाळीवर भिजवून निथळलेल्या काडाची पोती. वरून झाकण, झाकणावर ओलं गोणपाट. झाकण घट्ट कधीच बांधायचं नाही, वाफेला वाट हवी, नाहीतर पिंप फुटेल. वाफ भरभरून यायला लागली की तिथून एक तास. पाणी थोडंच तापवायचं असल्यामुळे आमच्याकडे सरपण जवळपास निम्म्यावर आलं. पिंपातलं पाणी मध्येच संपत नाही ना, याकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. आणि एकेकीने घरी दहा किलोसाठी चूल पेटवण्यापेक्षा सगळ्यांचं काड एकाच दिवशी एका ठिकाणी शिजवलं तर लाकूड वाचतं आणि राखणही सोपी होते.

बाटलीतलं औषध

सरपण वाचवण्याची आणखी एक पद्धत प्रशिक्षणात शिकवली जाते आणि त्याबद्दल मला जरा सावकाश बोलायचं आहे. शंभर लिटर थंड पाण्यात १२५ मिलिलिटर फॉर्मॅलिन आणि साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम टाकायचं, त्यात काड सोळा-अठरा तास बुडवायचं. लाकूड नको, धूर नको. पद्धत काम करते, यात शंका नाही. मोठ्या शेडमध्ये, हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा असताना ती वापरली जाते.

आपल्या गटातली बाई ती कुठे वापरते? एका खोलीच्या घरातल्या मोरीत. आमच्या एका मैत्रिणीने उघड्या हाताने ते पाणी ढवळलं. डोळ्यांतून पाणी, घशाला आग, खोकत खोकत ती ओटीवर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी बोटांची सालं निघाली. मी घरी गेले तेव्हा उरलेलं फॉर्मॅलिन सरबताच्या बाटलीत भरून गोडेतेलाच्या शेजारी ठेवलेलं होतं. घरात चार वर्षांची मुलगी. प्रशिक्षणात प्रमाण सांगितलं होतं, मोजे सांगितले नव्हते, बाटली कुठे ठेवायची ते सांगितलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायू पाण्यात विरघळवलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे. केंद्र सरकारने २०२० साली ज्या २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्या यादीत त्याचं नाव होतं. मी तुम्हाला घाबरवत नाही. पण बाईच्या धंद्याला 'घरगुती' म्हटलं की कारखान्यात लागणारे संरक्षणाचे नियम कुणी लावत नाही, आणि ती वाफ तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या लेकरांच्या श्वासात जाते. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, दम्याचं मूल ज्या घरात आहे तिथे तर हे शिरूच देऊ नये. आमच्या गटाने ते पूर्ण बंद केलं. अशा पाण्यातलं काड नंतर गुरांपुढेही टाकता येत नाही, हा आणखी एक तोटा.

ज्यांच्याकडे सरपण खरंच नाही त्यांच्यासाठी चुन्याची पद्धत आहे. विझवलेला चुना, पुडीत भुकटी मिळते तो, दर दहा लिटर पाण्याला २० ते २५ ग्रॅम. त्यात काड सोळा-अठरा तास बुडवायचं. चुन्याने पाणी इतकं अल्कधर्मी होतं की बहुतेक बुरशी टिकत नाही. चुना ताजा आणि हवाबंद पुडीतला हवा. उघडा पडून राहिलेला चुना निकामी होतो. कळीचा चुना घरी विझवायला जाऊ नका, तो उसळतो आणि भाजतो. चुन्याच्या पाण्यानेही कातडी फाटते, डोळ्यात गेलं तर इजा होते, म्हणून रबरी मोजे घाला आणि पिंपावर झाकण ठेवा. आमच्या अनुभवात चुन्याच्या काडात वाफेच्या काडापेक्षा थोड्या जास्त पिशव्या खराब होतात. ते धरूनच चाला.

निथळणं आणि भरणं

तयार झालेलं काड स्वच्छ जाळीवर किंवा धुतलेल्या उताराच्या बाजेवर पसरून निथळायचं. जमिनीला लावायचं नाही. आता परीक्षा हाताची. मूठभर काड घेऊन घट्ट पिळा. तळवा ओला झाला पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. थेंब गळला तर पिशवीत पाणी साचून काड आंबतं, नासक्या भाताचा वास येतो. तळवा कोरडाच राहिला तर बियाणं धाग्यावर येत नाही. पुस्तिका याला ६५ ते ७० टक्के ओलावा म्हणते. भाकरीचं पीठ ज्या हातांना कळतं त्या हातांना हे दोन वेळा केल्यावर कळतं.

काड पूर्ण निवू द्या. कोमट वाटलं तरी थांबा, गरम काडात बियाणं मरतं. बियाणं म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यांवर वाढवलेले अळिंबीचे पांढरे धागे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी संशोधन प्रकल्पात ते मिळतं, आता जिल्ह्याजिल्ह्यांत खाजगी प्रयोगशाळाही झाल्या आहेत. पिशवीत हिरवा, काळा ठिपका दिसला तर घेऊ नका. एक किलो कोरडं काड तयार होऊन तीन-साडेतीन किलो होतं, त्याला ७० ते १०० ग्रॅम बियाणं पुरतं.

पिशवीत चार बोटं काडाचा थर, त्यावर कडेकडेने बियाणं, पुन्हा थर. हलकं दाबत भरा, तोंड सुतळीने बांधा, स्वच्छ सुईने पंचवीस-तीस भोकं पाडा. पंखा बंद, केर काढणं आधीच झालेलं, हात साबणाने धुतलेले. अंधाऱ्या खोलीत पंधरा ते वीस दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते. मग प्लास्टिक कापून काढायचं, काडाचा गठ्ठा शिंकाळ्यात टांगायचा, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा, थोडा उजेड, खेळती हवा. चार-पाच दिवसांत टाचणीएवढ्या कळ्या दिसतात आणि आणखी तीन-चार दिवसांत तोडणी. आठ-दहा दिवसांच्या अंतराने असे तीन तोडे मिळतात. काड नीट तयार झालेलं असेल तर किलोभर कोरड्या काडाला सगळे मिळून पाऊण ते एक किलो अळिंबी येते.

तोडणीबद्दल एकच सांगते, कारण तेही आपल्या शरीराचं आहे. अळिंबीच्या कडा वर वळायच्या आधी ती काढा. उशीर झाला की तिच्यातून बारीक पांढरी भुकटी, म्हणजे बीजकण, हवेत उडतात. रोज श्वासात गेले तर खोकला, ताप, दम लागणं सुरू होतं. झोपायच्या खोलीत पिशव्या टांगू नका, तोडताना नाकाला दुपदरी फडकं बांधा. आणि खोकला हटत नसेल तर डॉक्टरला सांगा की मी अळिंबी करते. विचारल्याशिवाय ते त्यांच्या लक्षात येणार नाही, कारण कागदावर आपला व्यवसाय 'गृहिणी' असा लिहिलेला असतो.

वही

आता शेवटचं. दुसऱ्या वर्षापासून आम्ही एक वही ठेवली. अळिंबीची विक्री तर सगळेच लिहितात. आम्ही डाव्या पानावर काडाचा खर्च लिहायला लागलो: काड किती रुपयांचं, पाण्याच्या खेपा किती, लाकूड किती किलो, कापायला, भिजवायला, वाफवायला, निथळायला किती तास, कोणत्या बाईचे. तासांचा दर कसा लावायचा यावर वाद झाला. शेवटी गावात लावणीला बाईला जी मजुरी मिळते तीच धरली.

पहिल्यांदा बेरीज झाली तेव्हा सगळ्या गप्प बसल्या. ज्याला आम्ही नफा म्हणत होतो त्यातला बराचसा भाग ही आमची न घेतलेली मजुरी होती. एक ताई म्हणाली, "म्हणजे आपण फुकट राबलो आणि त्याला धंदा म्हणालो." तिचं बरोबर होतं. मग आम्ही तीन गोष्टी बदलल्या. कुट्टी यंत्र भाड्याने घेतलं. वाफवणं एकत्र केलं. आणि विक्रीच्या पैशातून आधी प्रत्येकीच्या तासांची मजुरी तिच्या स्वतःच्या बँक खात्यात, घरच्या कर्त्या पुरुषाच्या नाही, आणि मग उरेल तो गटाचा नफा. दोघीजणींनी हिशेब बघून सांगितलं की आम्हाला हे परवडत नाही, आम्ही थांबतो. आम्ही त्यांना समजावत बसलो नाही. परवडत नाही हे कळणं हासुद्धा वहीचाच उपयोग आहे. उरलेल्या नऊजणी अजून अळिंबी करतात. फार पैसा मिळत नाही, पण जो मिळतो तो कशाचा आणि कुणाचा हे त्यांना ठाऊक असतं.

वही घरात पोचली तेव्हा आणखी एक झालं. ज्या सासूबाई सरपण मोजायच्या, त्यांना सुनेने डावं पान वाचून दाखवलं. लाकूड इतके किलो, खेपा इतक्या. त्या जरा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं मी आणलेली लाकडं कुणी लिहिली असती तर?" पुढच्या वेळी पिंपापाशी राखणीला त्या स्वतः येऊन बसल्या. त्यांचेही तास आम्ही लिहितो.

तुमच्यापैकी ज्या गटांना अळिंबीची योजना कुणी आणून देईल, त्यांनी सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. काड कुठून आणि कितीला? पाणी कोण आणणार? निर्जंतुक कशाने करायचं, आणि बाटलीतलं औषध असेल तर मोजे, चष्मा आणि मोकळी जागा योजनेत आहे का? आणि काड तयार करण्याचे तास कुणाच्या मजुरीत धरले आहेत? उत्तरं कागदावर मागा. मग खुशाल अळिंबी करा. चवीला छान लागते, वाळवून ठेवता येते, ओल्या दहा किलोची साधारण एक किलो होते. आणि चुलीवर लसूण-मिरचीत परतली की मुलं ताटातून उचलून खातात. पहिला तोडा मात्र विकायला नेऊ नका. तो जिने काड वाफवलं तिच्या ताटात आधी पडू द्या.

मी वही बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी ज्यांना बघायची त्यांनी बघा. आकडे आमचे आहेत, तुमच्या गावचे वेगळे निघतील. पण रकाने उतरवून घ्या.